अपघाताच्या दाव्यात वकिलाला पैसे द्यायचे किती, कधी आणि कशाचे

अपघातानंतर घरातली माणसं वकिलाच्या टेबलासमोर बसतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "साहेब, किती टक्के घेता?" मी साताऱ्याच्या कोर्टात वकिलांकडे आयुष्यभर कारकुनी केली. शिरवळपासून कराडच्या पुढपर्यंत महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, त्यामुळे मोटार अपघाताचे क्लेम हेच आमच्या ऑफिसचं मुख्य काम होतं. वकीलपत्रावर तिकीट चिकटवण्यापासून ते ट्रिब्युनलमधून, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून, रक्कम काढण्याच्या अर्जापर्यंत सगळे कागद माझ्या हातून गेले आहेत. त्या बळावर सांगतो, बोलणं टक्क्यांनी सुरू झालं की पक्षकार तिथेच मागे पडतो. विचारायचं ते असं: काम कोणतं, त्याची फी किती, ती कधी द्यायची, फीशिवायचा खर्च कोण करणार, आणि भरपाई कोणाच्या खात्यात जमा होणार.

आधी टक्केवारीचं बघू

भारतात वकिलाला आपली फी दाव्याच्या निकालावर अवलंबून ठेवता येत नाही, आणि पक्षकाराला मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. तरीही कोर्टाच्या आवारात दहा टक्के, पंधरा टक्के, वीस टक्के असे आकडे उघडपणे बोलले जातात, आणि पक्षकाराला वाटतं की हाच कायदा असेल.

डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर एक निकाल दिला. प्रकरण तेलंगणातलं. एका बाईचा नवरा १९९८ मध्ये रस्ता अपघातात गेला होता. भरपाईच्या प्रकरणात तिने वकिलाला फीपोटी १० लाख रुपये दिले. त्यावर वकिलाने तिच्याकडून आणखी ३ लाखांचा चेक घेतला. तो वटला नाही म्हणून त्याने तिच्यावरच चेक बाउन्सची फिर्याद केली. सर्वोच्च न्यायालयाने ती फिर्याद रद्द केली. मिळालेल्या भरपाईच्या टक्केवारीवर फी मागणं हे सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे आणि वकिलाच्या पेशातलं गैरवर्तन आहे, असं न्यायालयाने म्हटलं. हा निकाल लक्षात ठेवा. टक्केवारीचा कागद तुमच्याकडून कोणी आधीच लिहून घेतला असेल, तरी त्या कागदाच्या जोरावर तुमच्याकडून वसुली होऊ शकत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने सांगितलं म्हणून गोंधळू नका. तिकडे जखमी माणसाचा वकील सहसा एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त वाटा घेतो, हरला तर फी घेत नाही, आणि ते कायदेशीर आहे. इंग्लंडमध्येही 'जिंकलो नाही तर फी नाही' हा करार चालतो, फक्त त्यावर मर्यादा आहेत. तो सल्ला तिथल्या कोर्टासाठी बरोबर आहे. आपल्या ट्रिब्युनलमध्ये तो लागू नाही.

टक्केवारीने खिशातून नेमकं काय जातं, ते आकड्यांत मांडतो. समजा ३४ वर्षांचा एक वेल्डर आहे, महिना १५,००० कमावतो. ट्रकने ठोकरलं, पायाचं हाड मोडलं, आणि कमावण्याची ताकद ३० टक्क्यांनी कमी झाली असं ट्रिब्युनलने धरलं. चाळिशीच्या आतल्या अशा माणसाच्या उत्पन्नात भविष्यातली वाढ म्हणून ४० टक्के मिळवतात, म्हणजे महिना २१,००० आणि वर्षाला २,५२,०००. वार्षिक उत्पन्नाला वयाप्रमाणे ठरलेल्या एका आकड्याने गुणतात, त्याला गुणक म्हणतात. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. गुणाकार करून त्याचे ३० टक्के काढले की १२,०९,६०० होतात. त्यात दवाखान्याची बिलं २,४०,०००, सहा महिने बुडालेली मजुरी ९०,०००, आणि वेदना-त्रासापोटी १,००,००० धरू. एकूण १६,३९,६००.

याचे १५ टक्के म्हणजे २,४५,९४०. दवाखान्याच्या बिलांपोटी जेवढे मिळाले, त्याहूनही थोडे जास्त वकिलाकडे गेले. शिवाय दावा चार वर्षं चालला आणि साडेसात टक्के सरळ व्याज मिळालं, तर ४,९१,८८० व्याजाचे होतात. टक्केवारीवाला त्या व्याजातलाही वाटा मागतो, आणि मग त्याचा आकडा ३,१९,७२२ वर जातो. म्हणजे दावा जितका रेंगाळेल तितकी फी वाढते. आणि ही रक्कम काही बक्षीस नसते. पुढची पंचवीस वर्षं त्या माणसाला पाय ओढत जी कमी मजुरी मिळणार आहे, तिची ती आगाऊ भरपाई असते.

पण वकिलाची बाजूही मी जवळून पाहिली आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. अपघात झालेल्या घरात रोख पैसा नसतो. घरातली आहे नाही ती पुंजी दवाखान्यात गेलेली असते. अशा वेळी वकील स्वतःच्या खिशातून नकला काढतो, साक्षीदाराचा भत्ता भरतो, चार वर्षं तारखांना उभा राहतो. टक्केवारीची पद्धत या अडचणीतून वाढली. ज्याने खरोखर काम केलं त्याला त्याच्या कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते आधी ठरलेले असावेत, कागदावर असावेत आणि कामाच्या प्रमाणात असावेत, एवढंच माझं म्हणणं.

वकिलाला पैसे देण्याची गरज आहे का, हे आधी तपासा

सर्वांत जास्त पैसे इथे वाचतात, आणि इथेच कोणी काही सांगत नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, आणि या मंडळींना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. आता विचार करा, अपघाती मृत्यूच्या दाव्यात अर्जदार कोण असतात? बायको, आई, लहान मुलं. म्हणजे जवळजवळ प्रत्येक मृत्यूच्या दाव्यात घरातलं कोणी ना कोणी मोफत वकिलाला पात्र असतं. जखमी माणसाला कायमचं अपंगत्व आलं असेल तर तोही त्या यादीत बसतो. तरीही ही माणसं व्याजाने पैसे काढून फी भरताना मी पाहिली आहेत.

प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. आधार कार्ड, अपघाताचे असतील ते कागद आणि लागू असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा जातीचा दाखला घेऊन जा. बाईला उत्पन्नाचा दाखला मागू लागले तर कलम १२ चं नाव घ्या. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. तिथून नेमलेल्या वकिलाला फी प्राधिकरण देतं. त्याने तुमच्याकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात. मागितले तर त्याच कार्यालयात लेखी कळवा. पॅनेलवरचे सगळे वकील सारखे नसतात हे खरं. नेमणूक झाल्यावर 'साहेब, तुम्ही क्लेमची कामं करता का' असं सरळ विचारा. करत नसतील तर क्लेम करणारा वकील मिळावा असा अर्ज द्या.

वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर तो हिट अँड रनचा विषय. त्यात १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये अशी ठरलेली रक्कम आहे. अर्ज महसूल खात्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. या अर्जाला वकील लागत नाही. रक्कम ठरलेली असते, युक्तिवादाने एक रुपयाही वाढत नाही. कोणी यासाठी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका.

विमा कंपनीचा अधिकारी स्वतःहून तडजोडीची रक्कम घेऊन येऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे कोणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. पैसे लवकर येतात, पण ते स्वीकारले की ट्रिब्युनलमधला तुमचा दावा संपतो. वरच्या वेल्डरला अडीच लाखांत गप्प बसवलं तर त्याचं किती नुकसान होईल ते तुम्हीच मोजा. अशा वेळी पूर्ण दाव्याची फी द्यायची गरज नसते. एखाद्या जाणत्या वकिलाला फक्त सल्ल्याची फी द्या, कागद दाखवा, अंदाजे किती मिळू शकतं ते विचारा, मगच सही करा. सल्ल्याला दिलेल्या त्या पैशांइतके सार्थकी लागलेले पैसे मी दुसरे पाहिले नाहीत.

गाडीचा विमा आहे की नाही, हेही फी ठरवण्याआधी पाहा. गाडीचा नंबर टाकला की परिवहन खात्याच्या अॅपवर विम्याची मुदत दिसते. विमा नसेल तर वसुली मालकाकडून करायची, आणि निकालानंतर वसुलीचं काम म्हणजे नवं दुखणं. त्या कामाची फी आजच ठरवून घ्या.

फी कशी ठरवायची

एकदाच पूर्ण फी, तारखेमागे फी, किंवा टप्प्याटप्प्याने फी, असे तीन प्रकार चालतात. तारखेमागे फी क्लेमच्या कामात घेऊ नका असं मी ठामपणे सांगेन. ट्रिब्युनलमध्ये निम्म्या तारखा काही न होता पुढे जातात. समोरच्याचा वकील नाही, नोटीस बजावली नाही, न्यायाधीश रजेवर. त्या प्रत्येक तारखेचे पैसे तुम्ही का द्यायचे? टप्प्यांची फी सर्वांत सोयीची. समजा एकूण ६०,००० ठरले (आकडा नमुन्याचा आहे, गाव, वकील आणि प्रकरण बघून तो कमीजास्त होईल), तर दावा दाखल करताना १५,०००, पुरावा पूर्ण झाल्यावर २०,०००, युक्तिवाद झाल्यावर १५,०००, आणि रक्कम काढण्याचं काम झाल्यावर १०,००० अशी वाटणी करता येते.

हातात आज काहीच नसेल तर? ठरलेली फी उशिरा द्यायची मुभा मागा. पुष्कळ वकील देतात. फक्त एक फरक समजून घ्या. फी उशिरा देणं वेगळं आणि निकालावर अवलंबून ठेवणं वेगळं. ६०,००० ठरले आणि ते दोन वर्षांनी द्यायचे ठरले, तर दावा फेटाळला गेला तरी ते देणं लागतं. हे माहीत असू द्या आणि झेपेल तोच आकडा ठरवा.

ठरलं की एका पानावर लिहून घ्या. स्टॅम्प पेपर लागत नाही. आमच्याकडे मी असा मजकूर करत असे:

"अमुक तारखेच्या अपघाताबाबत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा दाखल करणे, पुरावा देणे, साक्षीदारांचे उलटतपास घेणे, युक्तिवाद करणे आणि निकालानंतर रक्कम अर्जदाराच्या खात्यात जमा होईपर्यंतचे अर्ज करणे, या सर्व कामांची मिळून फी रुपये इतकी ठरली आहे. ती पुढील टप्प्यांत देण्याची आहे. कोर्ट फी, नकला, नोटीस, डॉक्टरांचा भत्ता हा खर्च वेगळा असून त्याची पावती अर्जदारास मिळेल. फी भरपाईच्या रकमेवर अवलंबून नाही. अपिलाचे काम यात धरलेले नाही."

खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. एक प्रत तुमच्याकडे. असा कागद मागितला म्हणून चांगला वकील रागावत नाही. जो 'आमच्यावर विश्वास नाही का' म्हणून विषय टाळतो, त्याच्याकडून उठून यावं.

पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या, म्हणजे नोंद राहते. रोख दिले तर पावती घ्या. आणि कोणी फीवर १८ टक्के जीएसटी लावला तर विचारा. व्यवसायासाठी नव्हे तर स्वतःच्या दाव्यासाठी वैयक्तिक पक्षकार म्हणून तुम्ही वकिलाची सेवा घेता, तेव्हा त्या फीवर जीएसटी नसतो.

फीशिवायचा खर्च

इथे माणसं गोंधळतात, कारण प्रत्येक वेळी थोडे थोडे जातात आणि हिशेब राहत नाही. एक वही करा.

पोलिसांचे कागद पहिले: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, मृत्यू असेल तर मरणोत्तर पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम, वाहनाची कागदपत्रं, चालकाचा परवाना, विमा पॉलिसी. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा प्राथमिक अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलला द्यायचा असतो, आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. म्हणून 'कागद मिळवायचे म्हणून' कोणी मोठी रक्कम मागितली तर आधी तपास अधिकाऱ्याला भेटा आणि अहवालाची प्रत मागा.

कोर्ट फी साध्या दिवाणी दाव्यासारखी जबर नसते. सगळी सुरुवातीलाच भरता आली नाही तरी दावा अडत नाही. निकालपत्रात 'कमी पडलेली कोर्ट फी भरावी' असं वाक्य हमखास दिसतं ते त्यामुळेच. पण कोर्ट फी मागणीच्या रकमेवर चढते, म्हणून ५० लाखांचा आकडा नुसता दिसायला मोठा म्हणून घालू नका. न्याय्य भरपाई मागणीपेक्षा जास्त निघाली तर ट्रिब्युनल ती देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेलं आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. तो परताव्याचा अर्ज करायला माणसं विसरतात. वकिलांना आठवण करा.

नोटीस बजावण्याचा भत्ता, रजिस्टर पोस्ट, प्रतिज्ञापत्राची टायपिंग, नोटरी, नकला, झेरॉक्स हे सगळं शेकड्यांत असतं. मोठा खर्च डॉक्टरांचा. अपंगत्वाचा दाखला नुसता दाखल करून भागत नाही. विमा कंपनीने तो मान्य केला नाही तर डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं, आणि खासगी हाडांचे डॉक्टर ओपीडी सोडून कोर्टात यायला मोठी रक्कम सांगतात. यावर उपाय आहेत. सिव्हिल हॉस्पिटलमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्र घ्या, शक्यतो ज्यांनी उपचार केले त्यांच्या नोंदींसह. डॉक्टरांना दिवसभर बसवून न ठेवता ठरावीक वेळ देण्यात यावी, किंवा कोर्ट कमिशनरमार्फत, म्हणजे साक्ष नोंदवायला कोर्टाने नेमलेल्या माणसामार्फत, त्यांच्याच दवाखान्यात साक्ष नोंदवावी, असा अर्ज वकिलांना द्यायला सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रिब्युनलना नेमकी हीच पद्धत सुचवली आहे. साक्ष छोटी आणि ठरलेल्या वेळी झाली की डॉक्टरांची रक्कमही उतरते.

बिलांचं सांगायचं राहिलं. औषधाच्या दुकानाची पातळ पावती सहा महिन्यांत पांढरी पडते. मिळाल्या दिवशी झेरॉक्स काढा. दहा रुपयांची झेरॉक्स नाही म्हणून हजारोंचं बिल नामंजूर झालेलं मी पाहिलं आहे. डॉक्टरांकडे जायची रिक्षा, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोजगार, खुराक यांचीही नोंद वहीत ठेवा, त्यांचीही भरपाई मिळते.

दवाखान्यात भेटणारा माणूस

अपघात विभागाबाहेर, कधी तर अॅम्ब्युलन्सच्या मागोमाग, एक गोड बोलणारा माणूस भेटतो. 'सगळं मी बघतो, एक रुपया देऊ नका, निकालानंतर बघू.' तो वकील नसतो. वकिलाला जाहिरात करायला आणि दलालामार्फत काम मिळवायला बंदी आहे. तो माणूस तुमची सही एका वकीलपत्रावर घेतो, वकिलाचं नाव तुम्हाला पुढे कळतं, आणि त्याचा हिस्सा शेवटी तुमच्याच भरपाईतून निघतो. बायकोने नवऱ्याचं तोंडही धड पाहिलेलं नसतं आणि हातात पेन दिलं जातं, याचा मला आजही संताप येतो.

चार गोष्टींवर सही करू नका: कोरं वकीलपत्र, कोरा स्टॅम्प पेपर, कोरा चेक, आणि बँकेतून पैसे काढण्याचं मुखत्यारपत्र. बँकेचं पासबुक आणि एटीएम कार्ड तर कोणाच्याही ताब्यात द्यायचं नाही. कायद्यात दावा दाखल करायला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. ती गाठायचीच असं धरून चला, पण तेराव्यापर्यंत थांबलं म्हणून काही बिघडत नाही. बिल परवडत नाही म्हणून दलालाकडून उचल घेण्याआधी रुग्णालयात कॅशलेस योजनेची चौकशी करा. २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला पहिल्या ७ दिवसांत दीड लाखांपर्यंतच्या उपचारांची केंद्राची योजना आहे.

पटलं नाही तर

वकील बदलता येतो. झालेल्या कामाची फी द्यावी लागते, ती द्या. पण 'पूर्ण फी दिल्याशिवाय कागद देणार नाही' असं म्हणता येत नाही. थकलेल्या फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरवलं आहे. आधीच्या वकिलांची नाहरकत घेण्याचा रिवाज आहे. ती दिली नाही तर ट्रिब्युनलला अर्ज करून परवानगी मिळते.

पैसे उकळले, खोटं सांगितलं, रक्कम परस्पर काढली, अशी तक्रार असेल तर ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे लेखी करायची. ग्राहक आयोगात जाऊन उपयोग नाही. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा निकाल मे २०२४ मध्ये लागला आहे. तक्रारीत टिकतं ते फीचं एक पान, यूपीआयची नोंद आणि तारखा. तोंडी बोलण्याला किंमत राहत नाही.

निकालानंतर

निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही. विमा कंपनी रक्कम जमा करते, मग ट्रिब्युनल वाटप करतं. काही भाग अर्जदाराला, काही मुदत ठेवीत, अज्ञान मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत. निरक्षर माणसाचे आणि विधवेचे पैसे कोणी लुबाडू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घालून दिली. रक्कम थेट अर्जदाराच्या बँक खात्यात पाठवावी, असंही आता सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. म्हणून दावा दाखल करतानाच स्वतःच्या नावाचं, आधार जोडलेलं खातं द्या. गावाजवळच्या बँकेतलं, जिथले लोक तुम्हाला ओळखतात. पैसे जमा झाल्यावर कोणी 'माझा वाटा' म्हणून दारात आलं तर ते एक पान काढून दाखवा आणि ठरलेले राहिले असतील तेवढेच द्या.

कंपनी अपिलात गेली तर तिला २५,००० किंवा निकालाच्या निम्मी रक्कम, यातली कमी असेल ती भरूनच अपील दाखल करता येतं. अपिलाची फी वेगळी असते, ते मघाच्या मजकुरात लिहिलंच आहे. आमच्या भागासाठी एक चांगली गोष्ट झाली. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या पक्षकारांना आता मुंबईचा वकील, मुंबईचा प्रवास आणि मुंबईचा मुक्काम यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. जुन्या हिशेबाने कोणी 'मुंबईची फी' सांगत असेल, तर काम कोल्हापुरात चालणार आहे ना, हे विचारा आणि फी त्याप्रमाणे ठरवा. अपील चालू असतानाही जमा रकमेतला काही भाग काढायला परवानगी मागता येते, आणि घरात आजारपण किंवा मुलांचं शिक्षण असेल तर त्याचे कागद अर्जाला जोडले म्हणजे त्या मागणीला वजन येतं.

मुदत ठेव मुदतीआधी मोडायची वेळ आली, लग्नासाठी म्हणा की ऑपरेशनसाठी, तर अर्ज ट्रिब्युनललाच करायचा असतो, बँक आपल्या अधिकारात मोडत नाही. अर्ज दीड-दोन पानांचा असतो. सोबत खर्चाचा पुरावा, ठेवीच्या पावतीची झेरॉक्स आणि ओळखपत्र लागतं. या एवढ्या कामाला मोठी फी मोजू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात तो अर्ज मोफत करून मिळतो, आणि आधी खासगी वकील लावला होता म्हणून तिथे कोणी परत पाठवत नाही.